अंडीवालीची पुढची दोन चाकं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो. समोरून रोज एक अंडीवाली जायची. पाठ अधू म्हणून तिनं मागं रेलून चालवायची तीनचाकी सायकल बनवून घेतली होती, पुढं दोन चाकं असलेली.

एकदा ती कचेरीसमोर रस्त्याकडेला बसून त्या दोन चाकांमधलं अंतर काठीनं मोजत होती, आधी चाकांच्या पुढच्या कडांपाशी, मग मागच्या कडांपाशी.

“मेकॅनिकला बोलवू का?” मी विचारलं.

“नगं सायेब. चाकं वाकडी असली की मी दमते. आन् लोक म्हणत्यात, अधू बाई, दमणारच.”

चाकं थोडी थोडी वळवत दोन्हीकडचं अंतर जुळल्यावर तिनं नट आवळले. मग सायकलवर रेलून तिनं उतारावर दोन्ही हात सोडले. सायकल बाजारातून सरळ खाली गेली. बाईनं मागं वळून पाहिलं नाही. कचेरीच्या पायरीवर धड पाठीचा मीच अवघडून ताठ उभा होतो.