हलका क्लच

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मला ऑफिसला जायची परवानगी दिली. गाडीचं विचारलं तर म्हणाले, "चालवा, पण ऑटोमॅटिक. डाव्या पायाला क्लचचं काम नको."

आमची जीप जुनी, फोर-व्हील-ड्राइव्हची, हातानं गिअर टाकायची. रविवारी आम्ही दोघं ती घेऊन शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्यांवर जात असू. चालवायची मी, नवरा पुढं उतरून, चाक कुठं टाकायचं ते दाखवायचा. क्लच इतका कडक, की नल्लकुंट्यातल्या घरून आबिड्सच्या ऑफिसला गेलं तरी धडधाकट पायसुद्धा भरून यायचा.

"विकून टाकू," नवरा म्हणाला. "तुझ्या पायापेक्षा गाडी मोठी आहे का?"

मायेनंच बोलला, म्हणून मला जास्त राग आला. "गाडी नाही बदलायची. क्लच बदलायचा."

गौलीगुड्यातल्या मेकॅनिकला सगळे उस्तादच म्हणतात. मला ते बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. त्यांनी आधी माझ्या हातातल्या काठीकडं पाहिलं. "बाजी, नक्को. आटोमेटिक ले लेव, आराम से फिरो."

"तीन महिने से आरामइच कर रई हूं, उस्ताद."

ते हसले आणि कामाला लागले. जुन्या रचनेत पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी दांडे होते. सगळा जोर पायाचा. उस्तादांनी दांडे काढून तेलावर चालणारा क्लच बसवला. पेडल दाबलं की पाइपातलं तेल खालच्या छोट्या पंपाला ढकलणार आणि तो पंप क्लच सोडवणार. चार दिवसांनी मी पाय ठेवला तर पेडल अलगद खाली गेलं. पण पहिला गिअर टाकला आणि करकर आवाज झाला. रिव्हर्स तर पडेचना. क्लच पुरता सुटतच नव्हता.

पाइपात हवा राहिली असेल म्हणून उस्तादांनी ती दोनदा काढली. पंपातली रबरं बदलली. तरी करकर तशीच. शेवटी हात पुसत ते म्हणाले, "पुरानाच लगा देतूं, बाजी."

नवऱ्यानं मान डोलावली. मला ते नको होतं. मी जीपभोवती एक चक्कर मारली. इतक्या दिवसांत सगळ्यांनी खालून पाहिलं होतं, पण पेडलवर पाय नसताना. पेडल दाबून पाहायचं तेव्हा उस्ताद स्वतःच वर बसलेले असायचे.

"उस्ताद, आप दबाओ. मैं नीचे से देखतूं."

"आप? नीचे?"

पुठ्ठा पसरला. पाय सरळ ठेवून मी आडवी झाले आणि नवऱ्यानं खांदे धरून मला आत सरकवलं. टॉर्च लावून ओरडले, "दबाओ!"

पंप जोरात ढकलत होता. पण तो ज्या पट्टीवर बसवला होता ती पट्टीच बोटभर मागं वाकत होती. अर्धा जोर तिथंच जिरत होता.

"पत्ती मुड़ री, उस्ताद!"

ते खाली आले, नवऱ्याला पेडल दाबायला लावून स्वतः पाहिलं. बोटानं पट्टी चाचपली. मग म्हणाले, "हौ. गलती मेरी है." दुपारीच त्यांनी जाड पट्टी कापली, दोन बाजूंनी टेकू देऊन वेल्ड केली. गिअर आवाज न करता पडला.

त्या रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. चारही चाकांना ताकद देणारा दांडा टाकून, सगळ्यात कमी वेगाच्या पहिल्या गिअरमध्ये मी चढ घेतला. मध्यावर पुढचं चाक दगडाला अडलं आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक दाबून धरला. डावा पाय सवयीनं क्लचकडं गेला आणि गुडघ्याखाली थरथर सुरू झाली.

"उतर, मी घेतो!" पुढून नवरा ओरडला.

"नको. बाजूला व्हा."

एवढ्या कमी गिअरमध्ये क्लच न दाबताही गाडी चालू होते, हे उस्तादांनी निघताना सांगितलं होतं. मी डावा पाय मागं घेतला. किल्ली फिरवली आणि ब्रेक हळूच सोडला. जीप हिसका देऊन तशीच पुढं सरकली, इंजिन धडधडलं आणि चाक सावकाश दगडावर चढलं. मग वरपर्यंत कुठंच थांबले नाही.

नवरा धापा टाकत वर आला. "पाय?"

"दुखतोय," मी खरं सांगितलं.

"उतरताना मी चालवू?"

"अर्धा तास बसू. मग मीच उतरवते."

आम्ही खडकावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. मग मीच जीप खाली आणली.