साहेबांचं ‘लेट्स सी’

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत मी टायपिस्ट होते. साहेबांच्या दाराशी बसणाऱ्या शिपाईबाई रोज डबा खाताना कानावर पडलेलं इंग्रजी मला विचारायच्या.

“ताई, ‘हँग ऑन’ म्हंजे लटकायचं का?”

“नाही हो, जरा थांबा.”

मग दिवसभर ते शब्द पुटपुटत राहायच्या.

त्या वर्षी दुष्काळ पडला होता. औशाकडच्या बाया पाण्याचा टँकर मागायला आल्या. साहेब परप्रांतातले. कारकुनाकडून इंग्रजीत सगळं ऐकून ‘लेट्स सी’ म्हणाले आणि आत गेले. कारकुनानं सांगितलं, “साहेब बघतो म्हणाले. जा आता.” बाया उठल्या.

“बसा,” शिपाईबाई हळूच म्हणाल्या. “ते रोजच म्हणतेत. ‘लेट्स सी’ म्हंजे आज न्हाई.”

बाया बसून राहिल्या. कचेरी सुटताना साहेब बाहेर आले, तशा शिपाईबाई उभ्या राहिल्या.

“सर, दे नो गो. होम नो वॉटर.”

साहेब थांबले. मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी टँकर गेला.

डबा खाताना मी म्हटलं, “खरं तर ‘दे वोन्ट गो’ म्हणायचं.”

“असंल ताई,” भाकरी मोडत त्या म्हणाल्या. “साहेबाला कळलं, बास झालं.”