ल्यूएलाच्या गाडीचा डावा जॉइंट

ल्यूएला कुबियाकच्या गाडीत चालकाच्या जागेवर, म्हणजे इथे अमेरिकेत डावीकडे, टपाल बसतं. ल्यूएला बसते त्याच्या शेजारी, उजवीकडे. डावा पाय पलीकडे लांब करून ती ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबते, डाव्या हाताने स्टिअरिंग फिरवते आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये पत्रं सरकवते. मिलवॉकीहून आलेले पाहुणे हे पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना वाटतं, गाडी भूत चालवतंय. पण आमच्या टॅमरॅकसारख्या खेड्यांत टपाल वाटणाऱ्याने गाडी स्वतःची आणायची असते आणि पेट्या असतात रस्त्याच्या उजव्या अंगाला. मग माणसाने करायचं काय? ल्यूएलाने सत्तावीस वर्षं हेच केलं. रोज बावन्न मैल, चारशे अकरा पेट्या.

तिची गाडी लांबलचक, तपकिरी, पुढे सोफ्यासारखं सलग बाकडं असलेली. मधे गिअरची दांडी नाही, कप ठेवायचा कट्टा नाही, त्यामुळे पाय सुखाने पलीकडे जातो. तसल्या गाड्या आता कुणी बनवत नाही. दाराच्या खणात कुत्र्यांची बिस्किटं, आरशाला पोप साहेबांचा फोटो, आणि सगळ्या गाडीला लिव्हर सॉसेजचा वास. ल्यूएला ती गाडी कुणालाही देत नसे. "गाडी आणि टूथब्रश मागायचा नाही," असं तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी तिची बदली. दर शनिवारी आणि ल्यूएला रजेवर असेल तेव्हा तिचं टपाल मी वाटते. ल्यूएला रजेवर जात नाही, म्हणून दर शनिवारी. नवऱ्याला इथल्या चीजच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही आलो, आणि वैजयंतीची मी 'वैजू' झाले. बदलीचं काम करत होते त्याला सहा वर्षं झाली होती. कायमचा माणूस निवृत्त झाला की त्याचा मार्ग बदलीला मिळतो. मार्ग मिळाला की भरपगारी सुट्ट्या, पेन्शन आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांचा आरोग्यविमा. गेल्या वर्षी कारखान्याने नवऱ्याचा विमा निम्म्यावर आणला, तेव्हापासून मी ल्यूएलाच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसले होते. हे लपवण्यात काही अर्थ नाही, तिलाही ते ठाऊक होतं.

माझी गाडी नवी आहे, चांगली आहे आणि या कामाला अगदी बिनकामाची आहे. दोन सीटांच्या मधे हा एवढा उंचवटा. मला बसावं लागतं डावीकडे आणि प्रत्येक पेटीपाशी आडवं होऊन उजव्या खिडकीबाहेर हात काढावा लागतो. शनिवारी संध्याकाळी माझी कंबर माझी राहत नाही.

ऑगस्टमध्ये ल्यूएलाने जाहीर केलं, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी आपण निवृत्त होणार. तिची लेक रेनाटा ॲरिझोनात असते, तिने आईसाठी खोली बांधून ठेवली होती. मी घरी जाऊन शिरा केला.

आणि त्याच आठवड्यात गाडी वाजायला लागली. वळली की कट्, कट्, कट्. चारशे अकरा पेट्यांपाशी वळायचं, म्हणजे दिवसभर कटकट. लोक पत्रं घ्यायला आधीच बाहेर येऊन उभे राहू लागले.

तिने गाडी डेल्मरकडे नेली. डेल्मर गॅरेजवाला, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तिला घरी परत सोडायचं म्हणून मी माझी गाडी घेऊन मागोमाग गेले होते.

"उजव्या चाकाचा सीव्ही जॉइंट गेलाय," ल्यूएला उतरता उतरता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"माझा उजवा कान म्हणतो."

"जरा चक्कर मारून बघतो. चर्चच्या पटांगणात गोल गोल फिरवली की पाच मिनिटांत कळतं."

"माझ्या गाडीत डावीकडे बसून तू काय ऐकणार? सत्तावीस वर्षं मी बसतेय त्या गाडीत. उजवा म्हणजे उजवा. खर्च सांग."

डेल्मरने हात पुसले. हात पुसल्याशिवाय त्याला पैशांचं बोलता येत नाही.

"हे बघ ल्यूएला. त्या जॉइंटवर रबराचा बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला तेव्हाच आली असतीस तर नवा बूट चढवून, ग्रीस भरून दोनशेत मोकळी केली असती. आता ग्रीस गेलं, वाळू शिरली, बर्फावर टाकतात ते मीठ शिरलं, आतल्या गोट्या झिजल्या. नुसता जॉइंट आता कुणी बदलत नाही, त्यात मजुरीच जास्त. जॉइंटसकट अख्खा ॲक्सल, चाक फिरवणारा दांडाच, बदलायचा. मजुरी दीडशे, ॲक्सल कुठलाही घाल. भंगारातला चाळीस. बाहेरदेशचा स्वस्त नवा नव्वद. जुनाच खोलून नीट केलेला एकशे तीस. आणि गाडीच्या कंपनीचा अस्सल, चारशे ऐंशी."

"चाळीस कुठे, चारशे ऐंशी कुठे! सोन्याचा आहे काय?"

"फरक दिवसांचा आहे बाई. भंगारातला म्हणजे लॉटरी. स्वस्तातला तुझ्या मार्गावर एक हिवाळा काढेल. नीट केलेला दोन-तीन वर्षं. अस्सल सहा वर्षं बघावं लागणार नाही. आता तू सांग, चालवायचीय किती दिवस?"

ल्यूएला काही बोलायच्या आत मीच बोलले. "ऑक्टोबरपर्यंतच तर! भंगारातला पुरे की, मावशी."

मी तिला मावशी म्हणते. अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "चालेल, पण वाढदिवसाला पैसे द्यायची नाही."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "ऐकलंस ना डेल्मर, पोरगी म्हणतेय. घाल भंगारातला."

भंगारातला घातला. एकशे नव्वद डॉलर झाले. सोमवारी ल्यूएला निघाली आणि पहिल्याच पेटीला कट्, कट्, कट्. "नवा बसतोय जागेवर," ती सगळ्यांना सांगत राहिली. चूक कबूल करणं हा प्रकार कुबियाक घराण्यात नाही.

दहाव्या दिवशी बीव्हर रोडवर धाडकन आवाज झाला. मला फोन आला. जाऊन बघते तर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. ल्यूएला आत बसून डबा खात होती.

"डावा तुटला," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस."

मी बोलले नाही, पण डेल्मर बोलला. गाडी ओढून न्यायला आला तेव्हा त्याने रस्त्यावरच शाळा भरवली. "तुम्ही टपालवाले सगळे एका माळेचे मणी! गेल्या वर्षी तो पलीकडच्या गावचा, तोही हेच म्हणत होता. अगं, उजवी खिडकी दिवसभर उघडी, कान खिडकीला, मग जे काही वाजेल ते उजवीकडेच ऐकू येणार. आणि गाडी उजवीकडे वळली की भार पडतो डाव्या चाकावर. चारशे अकरा वेळा तू उजवीकडेच वळतेस ना? मरणार कोण? डावा!"

"झालं तुझं? मग गाडी ओढ."

उरलेल्या शंभर पेट्या आम्ही माझ्या गाडीने केल्या. ती म्हणाली, "तू शनिवारी करतेस तशीच कर. मला बघायचंय." ती मागच्या सीटवर टपालाच्या पेट्यांमध्ये अंग चोरून बसली आणि मी नेहमीसारखी कट्ट्यावर पोट टेकून आडवी होत, उजव्या खिडकीबाहेर हात काढत पत्रं टाकत गेले. वीसेक पेट्यांनंतर मागून आवाज आला.

"रोज अशीच?"

"रोज कुठे? शनिवारी."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

मग ती टपालाच्या पेट्या सारख्या करत बसली. मला वाटलं, तुटलेल्या जॉइंटचं दुःख करतेय.

गॅरेजमध्ये डेल्मरने पुन्हा हात पुसले. "आता पुन्हा विचारतो. किती दिवस चालवायचीय?"

"अस्सल घाल," ल्यूएला म्हणाली. "आणि उजवीकडचा तो भंगारातला काढ. तिकडेही अस्सल."

डेल्मरने माझ्याकडे बघितलं, मी डेल्मरकडे. "बाराशे साठ डॉलर होतील ल्यूएला. अख्ख्या गाडीचे हजार यायचे नाहीत."

"मी तुला गाडीची किंमत विचारली?"

दोन महिन्यांसाठी कुणी सहा वर्षांचा ॲक्सल घालत नाही. दुसऱ्या दिवशी मी टपालमास्तरणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, निवृत्तीचा अर्ज मागे घेता येतो का? ती म्हणाली, "शेवटच्या दिवसापर्यंत येतो. का गं?"

का गं काय! सप्टेंबरात सेल लागला तेव्हा ल्यूएलाने बर्फात चालायचे चार टायर घेतले. ॲरिझोनात बर्फ पडतो का? मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. ती "गुड मॉर्निंग" म्हणाली की मी "हं" म्हणायचे. खरं सांगायचं तर मी तिच्यावर मनापासून चिडले होते, आणि चिडण्याचा मला काही हक्क नाही हे कळत असल्यामुळे जास्तच चिडले होते. नोकरी तिची, आयुष्य तिचं, ती मरेपर्यंत टपाल वाटेल, मी कोण बोलणार? पण विमा माझ्या पोरांचा होता. शेवटी मी चीज कारखान्यातल्या पॅकिंग खात्याचा फॉर्म आणला, रात्रपाळी, निम्म्या का होईना पण विम्यासकट. भरला, सही केली आणि पर्समध्ये ठेवला. सोमवारी देणार होते.

शेवटच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये निरोपाचा फिश फ्राय होता. मी गेले ती 'अर्ज मागे घेतला' हे ऐकायची तयारी करूनच. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा ब्रेड, सगळं गाव जेवत होतं. टपालमास्तरणीने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, रेनाटाने विमानाची दोन तिकिटं वर धरून दाखवली, टाळ्या झाल्या. तिकिटं खरी आहेत हे कळायला मला जरा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा आनंदाच्या आधी लाजच वाटली.

ल्यूएला माझ्या टेबलाशी आली. समोर बसली आणि डेल्मरच्या गॅरेजचं बिल माझ्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर किल्ली.

"बाराशे साठ," ती म्हणाली. "महिन्याला पन्नास दिलेस तरी चालेल. टायर माझ्याकडून."

"आणि गाडीचे?"

"भंगाराचे कुणी पैसे घेतं का?"

"मावशी, तू... टूथब्रश आणि गाडी..."

"टूथब्रश नेतेय बरोबर." मग तिने माझ्या ताटातला माशाचा तुकडा उचलला. "त्या दिवशी तुझ्या गाडीत मागे बसले ना, तेव्हाच ठरवलं. म्हटलं, आपण सत्तावीस वर्षं सोफ्यावर बसलो आणि ही पोरगी सहा वर्षं कट्ट्यावर पालथी पडतेय. शनिवारी नुसती गाडी दिली असती तर माझं काय जात होतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तू दोन महिने तोंड फुगवून बसली होतीस. म्हटलं, फुगू दे, किती फुगते ते बघू. पर्समध्ये काय आहे ते डेल्मरच्या बायकोने सांगितलं मला. कारखान्यात फॉर्म तीच देते ना! वेडे, मी नसते गेले तरी तुला रात्रपाळीला जाऊ दिलं नसतं."

मी तिथेच, कोबीच्या कोशिंबिरीसमोर, सगळ्या गावादेखत रडले. तिने फॉर्म मागून घेतला, त्याला तोंड पुसलं आणि म्हणाली, "कागद चांगला आहे."

सोमवारी सकाळी मी चालकाच्या जागेवर टपाल ठेवलं आणि उजवीकडे बसले. बाकड्याला तिच्या बसण्याचा खोलगट आकार पडला होता, मी त्यात मावून वर जागा उरली. डावा पाय पलीकडे सुखाने गेला. पहिली पेटी ओर्विल म्हाताऱ्याची. गाडी उजवीकडे घेतली, खिडकी उघडी, कान खिडकीला. काहीच वाजलं नाही. ल्यूएलाची गाडी म्हटली की माझ्या कानात अजून ती कटकटच होती, आणि त्या शांततेने मला एकदम ती नसल्याचं कळलं.

ओर्विल पेटीपाशी उभा होता. "काय गं, डोळ्यांत पाणी? गाडी बिघडली काय?"

"नाही हो आजोबा," मी पत्रं त्याच्या हातात दिली. "दोन्ही जॉइंट अस्सल आहेत. सहा वर्षं बघावं लागणार नाही."