खाडाखोडीशेजारची सही

नोकरीत असताना मी किती गुन्हे तपासले ते मोजलं नाही. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एक प्रकरण बारीकसारीक तपशिलासकट लक्षात राहिलं आहे, आणि गंमत म्हणजे त्याची कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंद नाही. तो तपास मी निवृत्त झाल्यावर केला, तोही बहारीनमध्ये. तिथे माझ्या अंगावर वर्दी नव्हती आणि कोणाला साधा प्रश्न विचारण्याचाही अधिकार नव्हता.

मुलगा आणि सून सनाबिसला राहतात. दोघं सकाळी कामाला जातात, नात शाळेत जाते, आणि मी बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघतो. नेहमीच्या कुठल्या आणि उपऱ्या कुठल्या, हे मला पंधरा दिवसांत पाठ झालं. सून हसते. म्हणते, "बाबा, इथे चोऱ्या होत नाहीत." मी म्हणतो, "होत नाहीत की सापडत नाहीत, ते बघायला हवं." खोड आहे ती, पेन्शन लागली म्हणून जात नाही.

एका शुक्रवारी मुलाच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. पुण्याचे, चाळिशीचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला जुफैरच्या एका उंच इमारतीत. या लेखात मी कोणाचंच नाव सांगणार नाही, त्यांना बँकवाले म्हणू.

"काका, माझ्या आईला एक बाई फसवायला बघतेय," ते म्हणाले.

आई त्यांच्याजवळच राहत होत्या. गुडघ्यांसाठी एका क्लिनिकमध्ये जायच्या. तिथल्या एका मराठी नर्सने गप्पांच्या ओघात माहेर कुठलं, वडील काय करायचे असं विचारलं. आईंनी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावाचं नाव सांगितलं, वडील तिथे शाळामास्तर होते म्हणाल्या. तशी ती नर्स एकदम म्हणाली, "मग तुम्ही माझ्या मावशी. मी तुमच्या थोरल्या बहिणीची मुलगी."

"आणि आईला बहीणच नव्हती, काका! एक मामा होता, तो वारला. त्यानंतर त्या बाईचे घरी चार फोन आले. आई जेवत नाही नीट. फोन वाजला की दचकते, दाराला आतून साखळी लावून बसते."

"पैसे मागितले?"

"अजून नाही. गावच्या घरात वाटा हवा असेल. मी क्लिनिकला लेखी कम्प्लेंट देणार आहे, पोलिसांतही जाणार आहे. पेशंटची माहिती अशी वापरलेली इथे खपवून घेत नाहीत. व्हिसा कॅन्सल, खलास. फक्त तुम्ही एकदा तिला बघा आणि सांगा, म्हणजे मला रुखरुख नको."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला हुरूप आला. म्हाताऱ्या माणसांना गाठून नातं सांगणारे तोतये मी नोकरीत पाहिले होते. तक्रार ऐकतानाच त्या बाईंबद्दल माझं निम्मं मत झालं होतं.

दोन दिवसांनी अदलियातल्या एका कॅफेत मी त्या नर्सबाईंना बोलावलं. शिफ्ट संपवून त्या थेट आल्या, सांगितलेल्या वेळेला पाच मिनिटं असताना. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात निळी फाईल. मी सवयीने भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असा बसलो होतो.

चौकशीची माझी एक पद्धत होती. समोरच्याला सगळी हकिगत एकदा सरळ सांगू द्यायची, मग मधूनच कुठूनतरी उचलून पुन्हा विचारायची, आणि शेवटी उलटीकडून. पाठ केलेली गोष्ट उलटी सांगता येत नाही. सिस्टरना मी तिन्ही प्रकारांनी विचारलं. तिन्ही वेळा गोष्ट तीच निघाली. त्यानेही माझा संशय कमी झाला नाही, उलट तयारी चांगली आहे असंच मला वाटलं.

गोष्ट अशी होती. मास्तरांना तीन मुलं. थोरल्या मुलीने घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न केलं. मास्तरांनी तिच्या नावाने आंघोळ केली आणि दार बंद केलं. ती थोरली मुलगी म्हणजे सिस्टरची आई. आता अंथरुणाला खिळलेली, कोकणातच, एका लांबच्या नणंदेकडे.

"डॉक्टरांनी दिवस सांगितलेत, साहेब. मला वाटाबिटा काय नको. कागद करा, सही करते. आईला फक्त एक विचारायचंय. तिची आई जाताना तिला मेलेली धरून गेली काय? हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, ती मावशी. एक फोन. बाकी काय नाय."

"फाईल दाखवा," मी म्हणालो.

शाळेच्या रजिस्टरातला आईच्या नावाचा उतारा होता. तालुक्याच्या वाचनालयात जुन्या पेपरांचे बांधीव गठ्ठे असतात, त्यांतली दोन कात्रणं होती. पहिलं कात्रण जाहीर नोटिशीचं. मास्तरांनी छापलं होतं की आपल्या मुलीशी आपला कोणताही संबंध राहिलेला नाही, ती आपल्याला मृत आहे. दुसरं काही वर्षांनंतरचं, मास्तरांच्या पत्नीची निधनवार्ता. शेवटी नेहमीचं वाक्य, त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार आहे. एक मुलगी. ते वाक्य सिस्टरच्याच विरोधात जात होतं.

आणि तळाशी जनगणनेच्या पानाची झेरॉक्स. ती पाहताच मी सावध झालो. जनगणनेच्या वेळी घरोघर लिहिलेली माहिती गोपनीय असते. ती कोणाला बघायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. मग या बाईंच्या हातात एका घराचं अख्खं पान आलं कुठून?

"हे कुठून चोरलंत?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "चोरलं नाय. आजोबाच त्या गावचे प्रगणक होते. मास्तरांनाच असायची ती ड्युटी. पक्के कागद सरकारात गेले, त्यांची कच्ची वही शाळेच्या कपाटात राहिली. दाखला मागायला गेले तेव्हा हेडमास्तरांनी दाखवली."

पानावर मास्तरांच्याच घराची माहिती होती. पत्नीच्या नावापुढे, झालेली मुलं तीन. त्याखाली हयात मुलांच्या रकान्यात मात्र काहीतरी खोडलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, तीन. खोडलेला शब्द भिंगाशिवायही वाचता येत होता. दोन.

मला मनातल्या मनात बरं वाटलं. सापडलं. घर मेलेली म्हणतंय, पेपर मेलेली म्हणतोय, आणि फक्त या कागदावर ती जिवंत, तेही खाडाखोड करून.

"ही खाडाखोड कोणी केली, सिस्टर?"

"मला काय माहीत? मिळाला तसा आणला." त्या उठल्या. "ठेवा फाईल तुमच्याकडे. मी काय पळून जात नाय. सकाळी सातला शिफ्ट असते, क्लिनिकला या."

फाईल टेबलावर टाकून त्या निघून गेल्या. जाताना मागे वळून पाहिलंही नाही.

दोन गोष्टी मला खटकत राहिल्या. खोटे कागद करणारा माणूस फाईल हातची सोडत नाही. आणि स्वतःच्या विरोधातलं कात्रण त्याच फाईलमध्ये लावून ठेवत नाही. पण नुसत्या शंकांवर निर्णय होत नसतो, मूळ कागद बघावा लागतो. माझ्या हाताखाली काम केलेले एक हवालदार निवृत्त होऊन त्याच भागात आंब्याची कलमं सांभाळत बसले होते. त्यांना फोन केला.

"हेडमास्तर खरा आहे का, वही खरी आहे का, आणि ते खोडलेलं जुन्या शाईचं की नव्या, एवढं बघून सांगा."

"आत्ताच निघतो, साहेब," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातही मला तोच हुरूप ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोटो पाठवले आणि मागोमाग फोन आला. "वही जुनीच आहे, वाळवी लागलीय. शाई सगळीकडची एकच. आणि साहेब, झेरॉक्स काढताना समास शिवणीत दाबला गेलाय. खोडल्याच्या बाजूला बारीक सही आहे बघा."

फोटो मोठा करून पाहिला. होती. सरकारी कागदावर चूक दुरुस्त करायची तर खोडून शेजारी आद्याक्षरं घालायची, हा नियम आम्हाला पोलीस डायरीसाठीही शिकवला होता. बनावट करणारा अशी सही करून जबाबदारी अंगावर घेत नाही. तरीही सही मास्तरांचीच कशावरून? ते ओळखणारी एकच व्यक्ती होती.

बँकवाले नाराज झाले. "आईला यात ओढू नका, काका."

"तक्रार करायच्या आधी हे करावंच लागेल. नाहीतर एका बाईची नोकरी जाईल आणि ती माझ्या शब्दावर जाईल."

जुफैरला गेलो तेव्हा आईंनी दार उघडलं. गुडघे दुखत असतानाही चहा स्वतः केला. मी फोन पुढे धरला आणि म्हणालो, "हे अक्षर ओळखता का?" फोनकडे बघायच्या आधी त्यांनी हे काय आहे, कोणाचं आहे, असं काहीच विचारलं नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ज्याला माहीत नसतं तो आधी विचारतो.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.

"अप्पांची सही," त्या म्हणाल्या.

"आई, नीट बघ," मुलगा म्हणाला.

"बघितलं. मी तिथेच बसले होते रे." फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. "अप्पा सगळं गाव लिहून शेवटी आमच्या घरी आले. आत नाही आले. ओटीवर बसले आणि आईला विचारलं, अहो बाई, झालेली मुलं किती? जन्मात आईला कधी अहो म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, तीन. हयात किती? आई गप्प. अप्पांनी स्वतःच लिहिलं, दोन. आई उठून आत गेली. परत आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, सरकारला खोटं सांगणार नाही. माझी तिन्ही जिवंत आहेत, तीन लिहा. अप्पांनी खोडलं, सही केली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही."

बँकवाले उभेच होते. "म्हणजे तुला बहीण आहे."

"आहे."

"मग पेपरात एक मुलगी कशी?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "ती बातमी मीच दिली, साहेब. आई गेली तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. सासरी अक्काचं माहीत नव्हतं. कळलं असतं तर मला ठेवलं असतं का, देव जाणे. वार्ताहर दारात आला, अप्पांना बोलता येत नव्हतं, दादा तयारीत होता. वार्ताहराने मला विचारलं, मुली किती? मी म्हटलं, एक." त्या रडू लागल्या. "ती नर्स दवाखान्यात समोर आली ना, हुबेहूब अक्काचं नाक. मी घाबरले, ती फसवेल म्हणून नाही. माझं बाहेर पडेल म्हणून."

मग मुलानेच विचारलं, "काका, त्या सिस्टरचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

सिस्टर अर्ध्या तासात टॅक्सीने आल्या. मावशी-भाचीने एकमेकींना काय म्हटलं ते मी लिहीत नाही, ते त्यांचं आहे. सिस्टरनी कोकणात व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीवर टेकवलेला एक सुकलेला चेहरा आला.

"अक्का, मी."

पडद्यावरचे डोळे मोठे झाले.

"अक्का, आईने तुला कधी मेलेली म्हटलं नाही. अप्पांनी शिरगणतीत दोन लिहिलं तर तिने खोडायला लावलं. तीन लिहून घेतलं. मी बघितलंय."

"मग पेपरात?" आवाज अगदी बारीक होता. "मी तो पेपर वाचला होता गो. आई गेली ते मला पेपरातनंच कळलं."

"पेपरात मी दिलं. मी, अक्का. आईने नाही."

ती बाई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या तर त्यात काही चूक नव्हती.

"तू होय," ती शेवटी म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, आईच सांगून गेली." आणि मग त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं, निर्दोष सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. "जेवलीस का बाय?"

महिन्याभराने ती गेली. मधल्या काळात दोघी बहिणी रोज बोलत होत्या, असं सिस्टर सांगतात.

मी सिस्टरची माफी मागितली. चोरी हा शब्द वापरायला नको होता. त्या म्हणाल्या, "राहू दे साहेब, तुम्ही मूळ वही तरी तपासायला लावलीत." त्यांनी मोठेपणा दाखवला, पण माझं मला टोचतं. पस्तीस वर्षं मी संशय घेण्याचा पगार घेतला, आणि इथे सगळा संशय मागायला आलेल्या बाईवर खर्च केला. घाबरलेल्या बाईला मी फिर्यादी धरून चाललो. भीती गुन्हा सोसणाऱ्याला वाटते तशीच करणाऱ्यालाही वाटते, आणि बाहेरून ती सारखीच दिसते. हे मी नव्या पोरांना वर्गात शिकवलं होतं.

मास्तरांचा मात्र मला अजून पुरता उलगडा होत नाही. पेपरात सगळ्या गावाला दिसेल असं त्यांनी मुलीला मारलं. आणि जो कागद गोपनीय, जो कधी कोणी वाचणार नाही असं त्यांना पक्कं ठाऊक होतं, तिथे खोडून, सही घालून तिला जिवंत लिहिलं. बायकोचं ऐकलं म्हणून, की नियमाला भिऊन, की त्यांनाही तेच लिहायचं होतं? हा प्रश्न विचारायला ते हयात नाहीत. असते तर मी त्यांनाच तो पहिला विचारला असता, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत गप्प बसलो असतो.