अज्ञात वाहन

"पाणी म्हण."
"पानी."
"बाणातला ण. म्हण."
"पानी."

सगळे हसले. श्रीरामपुरात एका दुकानाच्या माडीवर ती खोली होती. निळा पडदा, दोन दिवे, एक कॅमेरा. तिथून आमच्या बातम्या गावभर केबलवर जायच्या. माझा पहिला दिवस. दिव्यांखाली घसा सुकला म्हणून मी पाणी मागितलं, तर चॅनलच्या मालकानं बाटली हातात धरून ठेवली. नीट म्हटलंस तर मिळेल, म्हणाला. वीसेक वेळा म्हणायला लावलं. मग बाटली टेबलावर ठेवत म्हणाला, "चर्च झालं, शाळा झाली, तरी तुमच्या तोंडातून वस्ती काही जात नाही."

मी पाणी प्यायले. वर हसलेसुद्धा. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मला तिथं कबड्डीनं नेलं. गुडघा दुखावला म्हणून एका सामन्यात मी बाहेर बसले होते. समालोचन करणारा आलाच नाही. मी माइक घेतला. मैदान माझ्या आवाजावर हलायला लागलं. मालकानं ते ऐकलं. आधी खेळाच्या बातम्या दिल्या, मग संध्याकाळचं सगळं बातमीपत्रच. तोवर माझ्या तोंडात ण बसला होता. घरीसुद्धा 'हाय'च्या जागी 'आहे' यायचं. आई म्हणायची, "आमच्याशी बी टीवीवानी बोलती व्हय गं?"

तीन वर्षं मी रोज भीत वाचलं. शब्द चुकेल, मालक, म्हणजे आमचे साहेब, सगळ्यांसमोर बोलतील, उद्या खुर्चीत दुसरी बसेल. वस्तीतली बायामाणसं मात्र म्हणायची, आपली पोरगी खोटं सांगत न्हाई.

एका रविवारी उपासना सुटल्यावर आई आणि योहानमामा रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभे होते. मामा आमच्या चर्चची घंटा वाजवायचे. आईचे मानलेले भाऊ. पांढरी गाडी कडेला घुसली, मामांना उडवून तशीच गेली. गाडी चॅनलच्या मालकाच्या पुतण्याची होती, चालवत तोच होता. आईनं त्याला काचेतून पाहिलं. दुपारी मामा गेले.

सोमवारी आम्ही त्यांना माती दिली आणि मी कामावर गेले. सुट्टी मागायची भीती वाटली, म्हणून गेले.

टेबलावर बातमीचा कागद होता. 'दारूच्या नशेत रस्त्यात आलेल्या वृद्धाचा अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू.'

मी म्हटलं, "साहेब, मामा पीत नव्हते. माझी आई तिथंच उभी होती."

त्यांनी आवाज चढवला नाही. "तुझी आई तिथं होती हे मला माहीत आहे. म्हणून तर तू वाचायचं."

मला कळलं. माझ्या तोंडून आलं की वस्ती गप्प बसणार होती. आईसुद्धा. शिकवलेला तो ण त्यांना यासाठी हवा होता.

सात वाजले. लाल दिवा लागला. पहिली बातमी वाचली, दुसरी वाचली. टेबलाखाली मी पाय एकावर एक दाबून धरले. तिसरा कागद वर आला. मी थांबले. कॅमेऱ्यामागचा सलीमभाई मान वर करून बघायला लागला. खोलीच्या काचेच्या दारापलीकडं साहेब उभे होते.

"ही बातमी खोटी आहे," मी म्हटलं. आवाज फाटला. पुढचं टीव्हीच्या भाषेत येईना. "योहानमामा पीत नव्हतं. ते कडंला हुभं हुतं. गाडी पांढरी हुती. माझ्या आईनं चालवनारा बघितलाय."

टीव्हीच्या पडद्यावर साबणाची जाहिरात लागली. साहेब आत आले. माझ्या गळ्यातला माइक त्यांनी ओढून काढला, पिन मानेला ओरबाडून गेली. "उद्यापासून या गावात तुला कोण उभं करतं ते बघतो."

मी जिना उतरले. बाजारातून घरापर्यंत एक मोटारसायकल हळूहळू माझ्या मागं होती. मी पळाले नाही. पळायची ताकदच नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरी साहेबांची दोन माणसं आली. चॅनलवर माफी माग, म्हणाली, पोरगी रडून चुकून बोलली असं होऊन जाईल. वडील मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "माग बाई माफी. आपल्याला हितंच ऱ्हायचंय." मी आईकडं बघितलं. तिनं चप्पल घातली आणि ती म्हणाली, "चल, जबाब देऊन येऊ."

आम्ही जबाब दिला. हवालदारानं दोनदा विचारलं, नक्की पाहिलं का. आईनं दोनदा सांगितलं. गाडीचा रंग, काच, चेहरा.

खटला अजून उभा राहायचाय. मला कुठंच काम नाही. दारापुढं गाडी थांबली की आई हातातलं काम सोडून आत येते. आम्ही दोघी भितो. तरी बोलावणं आलं की कोर्टात जाणार. गाडी कोणाची, ते नावानिशी सांगणार. आणि आमच्याच बोलीत सांगणार.