मेलीची बडबड

माझी आत्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. वाफेने भरलेल्या लांबट खोलीत बायकांची रांग दिवसभर उभी, आणि मालकाचा नियम एकच: कामावर बोलायचं नाही. ओठ हलताना दिसले की तो सगळ्यांदेखत झापायचा. आता आत्याला गप्प बसवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला लावणं. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी दात आवळून, ओठ न हलवता बोलायची कला साधली. नवख्याला वाटावं, बॉयलरच घुरघुरतोय.

आई लग्नाआधी त्याच रांगेत होती. बाबा बहिणीला न्यायला म्हणून येत आणि रेंगाळत; त्यातून लग्न जमलं. आईने काम सोडलं. आत्या बाबांकडेच राहायची, त्यामुळे रांगेला बोलायला रोज ताजा विषय मिळू लागला: वहिनी.

लाँड्रीसमोर एक स्टुडिओ होता. तिथे मेलेली माणसं थडग्यांतून उठून गावावर चालून येतात, असा सिनेमा काढणं चाललं होतं. काळ्या-पांढऱ्या चित्रांचा जमाना. आवाज नुकताच आलेला. दिग्दर्शकाने भारी नट आणले, पण ते मेल्यावरही अभिनय सोडीनात. कोणी डोळे फिरवी, कोणी छाती पिटी. वैतागून तो फाटकात येऊन उभा राहिला, तेवढ्यात लाँड्री सुटली. उभं राहून पाय भरून आलेल्या, वाफेने पांढऱ्याफटक पडलेल्या बायका पाय ओढत, कुणाकडे न बघता रस्त्याने निघाल्या. त्याने अख्खी रांगच सिनेमासाठी उचलली.

त्यांच्या तोंडाला शेवाळी हिरवा रंग फासायचे, कारण पडद्यावर तो छान राखाडी दिसे. मेलेली माणसं बोलत नाहीत, एवढंच दिग्दर्शकाने बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅमेरा सुरू झाला आणि रांगेत उभं राहिल्याबरोबर आत्याचं तोंड सवयीने सुरू झालं. आवाज टिपणारा माणूस चक्रावला. घुरघुर ऐकू येत होती, पण एकाही मेलीचा ओठ हलत नव्हता. दिग्दर्शकाने स्वतः ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. हे कसं करता म्हणून त्याने विचारलं. ओरडा बसेल या भीतीने आत्या म्हणाली की आपोआप येतं. त्याने माइक तिच्या आणखी जवळ आणला.

सिनेमा लागला तेव्हा घरचे सगळे गेले. धुक्यातून मेलेली माणसं पुढे सरकू लागली, सगळ्यांत पुढे आत्या. लोकांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले. एका बाईने कान झाकून घेतले. आणि आईला त्या घुरघुरीतला शब्द न् शब्द कळत होता.

"माझी निळी छत्री वहिनी मेलीने हरवली, आणि वर कबूलही करत नाही. वरून साखर, आत कारलं."

मागे बसलेल्या लाँड्रीतल्या बायका फसकन हसल्या. बाकीच्यांना वाटलं, भीतीने डोकी फिरली बिचाऱ्यांची. आत्या खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ खालीच पोचली. बाबांनी आईला विचारलं, घाबरलीस का? आई म्हणाली, हो, फार.

घरी आल्यावर आईने आत्याला गोड आवाजात दोनदा चहा विचारला. आत्या न जेवताच झोपायला गेली.

पुढच्या सिनेमाची तयारी सुरू झाली तशी आई एकटीच स्टुडिओत गेली आणि दिग्दर्शकाला पाय ओढत चालून दाखवलं. तो खूश. तेव्हा मी आईच्या पोटात होते, पण अंगावर गुंडाळलेली प्रेताची चादर ढगळ असल्याने कोणाच्या लक्षात आलं नाही. अशी मी जन्माआधीच मेल्यांत जमा झाले.

प्रसंग होता एका घराला वेढा घालण्याचा. आई मुद्दाम आत्याच्या शेजारी उभी राहिली. कॅमेरा फिरू लागला आणि आईने दात आवळले.

"वन्सं, छत्री तुमच्या भावानेच हरवली. तुमच्या आईची होती ना ती. तुम्ही रडाल म्हणून मला गप्प राहायला सांगितलं त्यांनी."

आत्या घराच्या दिशेने दोन पावलं सरकली. मग म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला बोलू कधी दिलंत?"

आत्याचे खांदे गदगदू लागले. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना. हिरव्या रंगावरून ओघळ उतरले. दिग्दर्शकाने नंतर सगळ्यांना सांगितलं, की माणसाच्या मांसासाठी इतकं आसुसलेलं प्रेत त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तो सिनेमा बघायला बाबा ऐटीत गेले. वेढ्याचा प्रसंग आला आणि पुढे बसलेल्या लाँड्रीतल्या बायकांची अख्खी रांग मान वळवून त्यांच्याकडे बघू लागली. "या माझ्याकडे का बघतायत?" त्यांनी हळूच विचारलं. आई आणि आत्या, दोघींनी एकदमच त्यांना सिनेमा बघायला सांगितलं.

भीतिपटांची लाट आली तशी स्टुडिओला मेल्यांचे कपडे लागू लागले. ते काम नणंद-भावजयीने मिळून घेतलं: नवे कोरे सदरे मातीत पुरायचे, किसणीने घासायचे, चहाच्या पाण्यात पिवळे करायचे. जन्मभर दुसऱ्यांचे डाग काढलेल्या आत्याला डाग पाडायला अशी काही मजा यायची की आईला तिला आवरावं लागे. आई म्हणायची, कालच मेलेल्या माणसाची कॉलर इतकी मळत नाही. आत्या म्हणायची, तो मुळातच गबाळा होता. आता दोघी मोठमोठ्याने भांडायच्या, तोंडं उघडून, आणि बाबा आपला पेपर घेऊन जिन्यात जाऊन बसायचे.