दादाच्या कानावरची भुजली

आज नातीनं माझ्या कानावर भुजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकुर, खोचले. त्या ओल्या वासानं जुनं सगळं वर आलं.

माझ्या लहानपणी, आमच्या गावी वारासिवनीत, अशाच भुजलीच्या सणाला माझा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा जिवलग शंकर याचं लग्न झाल्यापासून तो धड जेवत नव्हता, बोलत नव्हता. शंकर आला. दरवर्षीसारखे त्यानं दादाच्या कानावर अंकुर खोचले, पण हात गालावरच राहिला. दादा रडायला लागला.

"बाईवानी काहून रडून राह्यला बे?" बाबा ओरडले.

शंकरनं हात काढला. परत कधी आला नाही.

मग बाबांनी वैद्य केले, मांत्रिक केले. दादा वाळतच गेला. मी म्हटलं, "शंकरले बोलवा नं!"

थोबाडीत बसली. म्हणजे बाबांनाही सगळं दिसत होतं. तरी बोलावलं नाही.